खिळ्यानं कोरलेलं नाव

आमच्या गावात पहिली मोटार आली ती लढाईतून आली. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. गावच्या देशमुखांनी डिस्पोजलमधून एक जीप घेतली होती. डिस्पोजल हा शब्द आमच्याकडे अंगठेबहाद्दरालाही माहीत होता. १९४५ साली दुसरं महायुद्ध संपलं आणि फौजेजवळचा उरलेला माल सरकारनं विकायला काढला. जीपा, ट्रक, तंबू, घोंगड्या, बूट, पाण्याच्या बाटल्या, पेट्रोलचे डबे. कोट्यवधी लोक मारण्याच्या कामी जे आलं ते गिऱ्हाइकाच्या कामी येऊ लागलं. माझा बाप म्हणायचा, "लढाई सरली अन् बाजार भरला."

ती जीप मी पाहिली तेव्हा तिचा रंग निळा होता. मागच्या बाजूला देशमुखांनी सुताराकडून लाकडी फळ्या ठोकून घेतल्या होत्या, सरकीची पोती ठेवायला. त्याच फळ्यांवर गावच्या अडलेल्या बायका यवतमाळच्या दवाखान्यात गेल्या. माझ्या थोरल्या बहिणीची वरात त्याच जीपमधून निघाली. पुढं ट्रॅक्टर आले, काळ्या-पिवळ्या गाड्या आल्या आणि जीप कोठ्यात गेली. तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. १९७७ साली मी दहावी पास झालो, पुढं शिकायची ऐपत नव्हती, तेव्हा दोन उन्हाळे मी त्या जीपचं इंजिन खोलून पाहण्यात घालवले. चालू काही झाली नाही, पण तिच्या पोटात काय काय आहे हे मला कळलं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी नागपूरचे एक डॉक्टर आले आणि देशमुखांच्या नातवाकडून ती जीप घेऊन गेले. ट्रकवर चढवायला मला बोलावलं होतं. डॉक्टरसाहेब बोनटमध्ये वाकले, एक बोल्ट पुसला आणि लहान पोरासारखे ओरडले. बोल्टाच्या डोक्यावर इंग्रजी एफ अक्षर होतं. त्यांनी मला समजावून सांगितलं. या जीपा अमेरिकेत विलीज कंपनीनं टोलेडो शहरात बनवल्या, आणि मागणी पुरी होईना म्हणून त्याच नकाशावर फोर्ड कंपनीनंही बनवल्या. दोन्ही मिळून सहा लाखांच्या वर. फोर्डवाले आपल्या मालावर एफचा ठसा मारत. इतकी वर्षं मी ते बोल्ट हाताळले, अक्षर पाहिलंही होतं, पण त्याला काही अर्थ असेल असं वाटलं नव्हतं.

तिथून मी या नादाला लागलो. डॉक्टरसाहेबांना नुसती जीप चालू करायची नव्हती. ती १९४४-४५ साली ब्रह्मदेशात चौदाव्या सैन्याजवळ जशी होती तशी उभी करायची होती. त्या जीपच्या डाव्या अंगाला, ड्रायव्हरच्या बाहेरून, फावडं आणि कुऱ्हाड पट्ट्यानं बांधलेली असते. मागे स्टेपनीच्या शेजारी पेट्रोलचा डबा. समोरचे दिवे उलटे फिरवता येतात, म्हणजे रात्री इंजिनवर उजेड पाडून काम करता यावं. बॅटरी सहा व्होल्टची. आणि आत शिपायाचं सामान: पाण्याची बाटली, जेवणाचे डबे, गोळ्यांची पेटी, कॅनव्हास. नवीन बनवून मिळतं ते सगळं, पण त्यांना जुनंच पाहिजे. मला म्हणाले, "भाऊ, खेड्यापाड्यात तुमची ओळख. नजर ठेवा. मी पैसे देतो."

त्या वर्षी कापूस बोंडअळीनं खाल्ला होता. नजर ठेवायला मी एका पायावर तयार झालो.

एकदा नजर बसली की दिसू लागतं. बाभुळगाव, कळंब, राळेगाव, घाटंजी, पार पांढरकवड्यापर्यंत मी हिंडलो. कोणाच्या वावरात फवारणीच्या पाण्यासाठी वीस लिटरचा चौकोनी डबा दिसे. हा डबा मूळचा जर्मनांचा. त्याला वरून तीन दांड्या असतात. भरलेला असला तर दोघं मिळून बाहेरच्या दांड्यांना धरतात, रिकामा असला तर एकटा माणूस एका हातात दोन नेतो. इंग्रजांचे स्वतःचे पत्र्याचे डबे गळके होते, म्हणून त्यांनी शत्रूच्या डब्याची नक्कल केली. शत्रूचं काय घ्यावं याची लाज लढाईत नसते. पत्र्यातच बनवणाऱ्याची खूण आणि साल ठोकलेलं असतं, ते पाहायला मी चिखल खरवडायचो. धुऱ्यावर बसलेला कास्तकार विचारी, "काय पाह्यता जी? सोनं सापडलं काय?" मी म्हणायचो, "नाई हो, गळते का पाह्यतो." तो माझा पहिला खोटेपणा. किरकोळ होता. पण सुरुवात तिथून.

कुठं गोळ्यांच्या लोखंडी पेटीत राशनकार्ड आणि सातबारा ठेवलेला. कुठं तंबूचं कापड मळणीच्या वेळी खाली अंथरलेलं. डॉक्टरसाहेबांबरोबर मी पुण्याचा जुना बाजार पाहिला, मुंबईचा चोर बाजार पाहिला. नगरचं रणगाड्यांचं संग्रहालयही पाहिलं, १९९४ साली सुरू झालेलं. मोठमोठाले रणगाडे तिथं उभे आहेत, ज्यांचे ज्यांच्यावर डागले ते सगळे एका अंगणात, बगिच्यातल्या झाडांखाली. पोरं त्यांच्यासमोर फोटो काढतात.

इथं एक गंमत सांगून ठेवतो. या जीपचा जो खरा रंग, फौजेचा हिरवा, तो आपल्या देशात खासगी गाडीला लावताच येत नाही. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत १२१ वा नियम आहे: संरक्षण खात्याची सोडून कोणतीही गाडी, अगदी ट्रॅक्टरसुद्धा, त्या रंगाची नको. म्हणजे डॉक्टरसाहेब एकेका बोल्टासाठी जीव टाकत, आणि रंगाची वेळ आली की वकिलाला फोन. शेवटी त्यांनी मातकट रंग दिला. मी म्हटलं, साहेब, सगळं खरं झालं, एवढा रंग तेवढा खोटा. ते हसले नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

कळंबच्या बाजूला एका गावात मी एका म्हाताऱ्या बाईच्या घरी गेलो. वय पंच्याहत्तरीच्या वर. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्यांच्याखाली एका गणवेशातल्या माणसाचा फोटो, पार पिवळा पडलेला. मी "जय भीम, मावशी" म्हणून बसलो. चुलीजवळ दोन चौकोनी डबे होते, एकात एक बसणारे, घडीच्या दांड्यांचे. एकात मीठ, एकात हळद. शिपायांचे जेवणाचे डबे, मेस टिन म्हणतात त्याला. खुंटीला पाण्याची बाटली, तिच्यावरची लोकर कसरीनं खाल्लेली.

"मामाजीचे होये ते," ती म्हणाली. "पलटणीत होते. ब्रम्हदेशात गेल्ते."

महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावला उभी राहिली. त्याआधी पन्नास-साठ वर्षं इंग्रजांनी महारांना पलटणीत घेणं जवळजवळ बंदच केलं होतं. पहिल्या महायुद्धात घेतलं आणि गरज सरल्यावर पुन्हा काढलं. ही माहिती मला नंतर वाचून मिळाली. त्या दिवशी मी फक्त डबे पाहत होतो.

मी विचारलं, "विकता काय मावशी?"

"त्याचं काय येते बाप्पा? मिठाचा डबा तं आहे."

मी दोनशे रुपये काढले. तिनं नोटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मीठ-हळद कागदात बांधायला लागली. बाटली मी वरून मागून घेतली. तिनं हसून दिली. निघताना म्हणाली, "तुमीच मूर्ख दिसता, दोनशे रुपये देऊन राह्यले." मीही हसलो.

घरी येऊन पाहिलं तर एका डब्याच्या बुडाला खिळ्यानं काहीतरी कोरलेलं होतं. इंग्रजी अक्षरं, वाकडीतिकडी, एक अक्षर उलटं. आधी आकडे, मग नाव. डॉक्टरसाहेबांना चकचकीत, स्वच्छ वस्तू आवडत, ओरखडे असले की ते नाक मुरडत. मी दोन्ही डबे सोड्याच्या पाण्यात उकळले, पॉलिश पेपर घेतला आणि अर्धा तास घासलं. नाव गेलं. आकडेही गेले. डॉक्टरसाहेबांनी डबे आणि बाटली मिळून पाच हजार रुपये दिले. त्या पैशात मी युरियाच्या थैल्या आणल्या आणि उरले ते नातवाच्या फीला लावले.

पाच हजारांतून दोनशे गेले. वरचे चार हजार आठशे कोणाचे? हा सवाल मला त्या वर्षी पडला नाही. दोन वर्षांनी पडला, आणि तोही कापसाच्या गाडीवर.

जिनिंगवर माल घेऊन गेलो होतो. व्यापाऱ्याच्या माणसानं बोंडात हात घातला, कापूस मुठीत दाबला आणि म्हणाला, "ओल आहे." भाव पाडला. ओल नव्हती. ते मलाही माहीत, त्यालाही माहीत. पण धाग्याची लांबी किती, गाठीचा भाव आज बाहेरच्या देशात काय, हे त्याला माहीत आणि मला नाही, म्हणून तो सांगेल ते. जुन्या लोकांना १९७२ ची एकाधिकार खरेदी आठवत असेल. तेव्हा ग्रेडर हेच करायचा, फरक एवढाच की तो सरकारी होता. रात्र-रात्र बंड्यांच्या रांगेत काढून सकाळी त्याच्या एका बोटानं आमचं वर्ष ठरायचं. पन्नास वर्षं मी या गोष्टीवर शिव्या घालत आलो. सभांमध्ये बोललो आहे. त्या दिवशी रिकामी गाडी घेऊन परतताना मला एकदम ते चुलीजवळचे डबे दिसले. मी त्या बाईच्या मिठात हात घालून "ओल आहे" म्हणालो होतो.

डोकं लगेच वकिली करू लागतं. मी मनाशी म्हटलं, मी खोटं कुठं बोललो? तिनं किंमत सांगितली नाही, मी सांगितली, तिनं घेतली. हिंडायला पेट्रोल माझं गेलं, नजर माझी, ओळख माझी. माझ्याविना त्या डब्यांची किंमत मिठाचीच होती. यात तथ्य नाही असं नाही. व्यापाऱ्याला नफा नको असं मी कधी म्हटलं नाही. मेहनतीचे पाचशे घेतले असते, हजार घेतले असते, तर मला झोप लागली असती. पण मेहनतीचे पैसे वेगळे आणि दुसऱ्याच्या अज्ञानाचे वेगळे. फरक कुठं पडतो ते मला एवढंच कळतं: जे मी तिच्या तोंडावर सांगू शकत होतो ते मेहनतीचं, जे लपवावं लागलं ते दुसरं. मी नोटा काढताना डॉक्टरसाहेबांचं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही? तिथंच उत्तर आहे.

माझ्या मित्राला हे पटत नाही. तो म्हणतो, असं धरून बसलास तर बाजारच बंद पडेल. बैलाचा दलाल रुमालाखाली बोटं धरतो ते काय धर्मासाठी? खरं आहे. पण रुमालाखालच्या दोन्ही बोटांना बैल माहीत असतो.

याच सुमारास पुलगावचा प्रकार झाला. पुलगावचं दारूगोळ्याचं भांडार आमच्यापासून वर्धा नदी ओलांडली की आलं. २० नोव्हेंबर २०१८ ला सकाळी तिथल्या मैदानावर जुना, मुदत संपलेला दारूगोळा निकामी करायचं काम होतं, आणि स्फोट झाला. सहा माणसं गेली. त्यांत आसपासच्या गावचे मजुरीवर गेलेले लोक होते. त्या मैदानाच्या बाजूच्या गावांतले लोक स्फोटानंतर उरलेलं लोखंड, पितळ वेचायला जातात, हे आमच्याकडे सर्वांना माहीत. किलोच्या भावानं विकतात. आम्ही दोघंही फौजेनं टाकलेलं वेचणारे, ते आणि मी. ते जीव घेऊन जात, मी मोटारसायकल घेऊन. आणि भंगारवाल्याच्या ढिगात त्यांचं पितळ आणि मी शोधायचो ती पेटी एकाच जागी पडलेली असे. त्या दिवसानंतर मी गोळ्यांच्या पेट्या घेणं सोडलं. कुठून आली हे सांगता न येणारी वस्तू घ्यायची नाही. डॉक्टरसाहेबांनी ऐकून घेतलं. "बरोबर आहे," म्हणाले, आणि दुसऱ्या कोणाकडून घेतल्या.

त्यांना मी वाईट म्हणत नाही. ती जीप त्यांनी आठ वर्षं खपून उभी केली, त्यात स्वतःचे हात काळे केले. २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांचा नवा नियम आला, तेव्हा वीस हजार फी भरून रीतसर नोंदणी केली. ज्या दिवशी इंजिन सुरू झालं त्या दिवशी मला गाडी पाठवून बोलावलं. माझे डोळे भरले हे कबूल करतो. पण जीपमध्ये बसलो आणि मला तिची ओळख पटेना. फळ्या नव्हत्या. निळा रंग नव्हता. डॅशबोर्डवर देशमुखांच्या पोरानं चिकटवलेली लक्ष्मी नव्हती. मी विचारलं, "साहेब, त्या फळ्या?" ते म्हणाले, "त्या ओरिजिनल नव्हत्या ना भाऊ. नंतर कुणीतरी ठोकल्या होत्या."

मी विचार करत राहिलो. फोर्डच्या कारखान्यातून जीप बाहेर पडली तो एक दिवस. ब्रह्मदेशात राहिली असेल तर एक-दोन वर्षं. आमच्या गावात तीस वर्षं. यातली तीस वर्षं खोटी आणि एक दिवस खरा, हे कोणत्या हिशेबानं? उलट डॉक्टरसाहेबांचंही पाहा. त्यांनी नेली नसती तर कोंबड्यांखाली सडून ती किलोनं गेली असती; लक्ष्मी गेली असती, फळ्याही गेल्या असत्या. वस्तू वाचवायची तर कुठल्या तरी एका सालावर बोट ठेवावंच लागतं. बोट ठेवणारा नेहमी पैसेवाला असतो, एवढीच माझी तक्रार. आणि ती करायचं तोंडही मला नाही. फळ्या त्यांनी काढल्या. डब्यावरचं नाव मी घासलं होतं, आणि त्यांना ते कधी सांगितलंही नव्हतं.

त्या दिवशी सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाऊ, त्या नावासाठी मी दुप्पट दिले असते." ऐकून मला अजूनच कसंतरी झालं. त्यांनी दोन्ही डबे आणि बाटली पिशवीत घातली आणि माझ्या हातात दिली. पैसे परत घेतले नाहीत.

मी मावशीकडे गेलो. चार वर्षं झाली होती. ती खाटेवर होती, डोळ्यांना कमी दिसत होतं. यवतमाळला कॉलेजात शिकणारी नात घरी होती. मी सगळं सांगितलं, दोनशेचं, पाच हजारांचं, सगळं. चार हजार आठशे रुपये खाटेवर ठेवले. मावशीनं नोटांना हात लावला नाही. म्हणाली, "पोरीच्या बसपाससाठी ठेव वं ते," आणि नातीनं उचलून ठेवले. मला वाटलं, झालं. उठणार, तेवढ्यात पोरगी डबा उलटा करून उजेडात धरून पाहू लागली.

"याच्यावर नाव होतं ना काका?"

"होतं."

"मग?"

मी घासल्याचं सांगितलं. ती डब्याच्या बुडावरून अंगठा फिरवत राहिली. मावशी खाटेवरून म्हणाली, "त्यायले पलटणीत गेल्यावरच लिवाले आलं. शाळेत कोन बसू देत होतं? नाव लिवाले शिकले अन् जिथं तिथं नाव कोरत फिरे. खाटेले, दाराले, बैलाच्या जूले." मग हसली. "घर नवं बांधलं तं दार गेलं. खाट मोडली. तेवढाच डबा होता."

मी खाली मान घालून बसलो. पोरगी मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

नाव घरच्यांना माहीतच होतं, ते पुन्हा कोरता आलं असतं. मी तसं म्हणूनही पाहिलं. ती म्हणाली, "ते माझं अक्षर होईल, त्यांचं नाही." पण नंबर तिला पाहिजे होता. पलटणीतला नंबर घरात कोणालाच आठवेना, कागद एका पुरात गेले होते. आकडे मी घासले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर होते, पाच का सहा, सुरुवातीला एक असावा. तेवढंच आठवलं.

महार रेजिमेंटचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे. पोरीनं तिथं एक अर्ज लिहिला, पणजोबांचं नाव, गाव, जिल्हा यवतमाळ, भरतीचं साल अंदाजे घालून. रजिस्टरनं पाठवायला कळंबच्या पोस्टात मी तिच्याबरोबर गेलो. खाली पत्ता कोणाचा द्यायचा म्हणून तिनं विचारलं, कारण ती शिकायला बाहेर असते आणि म्हातारीला दिसत नाही. मी माझा दिला. आता पोस्टमन आमच्या गल्लीत शिरला की मी दारात जाऊन उभा राहतो.